रोजच्या धावपळीत प्रार्थना आणि शास्त्रवाचन कसं बसवायचं?

पहाटवारा

सर्वांना जय ख्रिस्त.

घरात दोघंही नोकरी करणारे. एकाची पाळी दर आठवड्याला बदलते, मूल तीन वर्षांचं आहे आणि रविवारी मंडळीतल्या (चर्चमधल्या) जबाबदाऱ्या असतात. देवाबरोबर रोज थोडा तरी निवांत वेळ असावा अशी मनापासून इच्छा आहे, पण टिकत नाही. वर्षात पूर्ण बायबल वाचायचं वेळापत्रक दर वेळी लेवीयच्या (बायबलच्या तिसऱ्या पुस्तकाच्या) आसपास अडकतं. रात्री प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात, सकाळी बसलं की दिवसभराची कामं डोक्यात फिरतात. प्रवासात ऑडिओ बायबल ऐकलं तर ते वाचन धरायचं का? आणि इतक्या लहान मुलाबरोबर घरची प्रार्थना कशी घ्यायची?

'पहाटे लवकर उठा' हा सल्ला भरपूर मिळाला आहे. पाळी बदलली की तो मोडतो. किती वेळ, काय वाचायचं आणि कोणत्या क्रमानं, हे कोणी नीट सांगेल का?

शास्त्रवाचक

जय ख्रिस्त. आधी वाचनाचं बघू, कारण बहुतेकांचा हुरूप तिथेच संपतो आणि त्यात दोष श्रद्धेचा नसून गणिताचा असतो.

पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे म्हणजे रोज तीनाहून थोडे जास्त. रोज तीन धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय ३० जानेवारीला संपतात आणि ३१ तारखेला लेवीय १ समोर येतो. त्याआधीच, साधारण २५ जानेवारीपासून, निर्गम २५ नंतरची निवासमंडपाची (इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूची) मापं, पडदे, कड्या सुरू झालेल्या असतात. मध्ये सोन्याच्या वासराचे अध्याय सोडले तर कथा जवळजवळ थांबते. म्हणजे नव्या वर्षाचा उत्साह ओसरायला आणि शास्त्रातला सर्वांत अवघड भाग यायला एकच आठवडा सापडतो. त्यात दोन दिवस चुकले की सहा अध्यायांचं कर्ज, चार दिवस चुकले की बारा अध्यायांचं. मग ते पुस्तक उघडायचीच भीती वाटू लागते.

म्हणून तुमच्यासारख्या घराला माझी शिफारस नव्या कराराची, म्हणजे येशूपासून सुरू होणाऱ्या बायबलच्या दुसऱ्या भागाची. त्याचे अध्याय २६०. आठवड्यात पाच दिवस, रोज एक अध्याय, असे ५२ आठवडे केले की बरोबर २६० होतात. शनिवार-रविवार मोकळे राहतात, आठवड्यात चुकलेलं तिथे भरून काढता येतं. तिथेही भरलं नाही तर सोडून द्या. वेळापत्रकावर तारखा छापलेल्या असतील तर त्या खोडा, फक्त खूण ठेवा आणि खूण असेल तिथून पुढे चला. तारीख नसली की मागे पडणं हा प्रकारच उरत नाही.

सुरुवात मार्कपासून करा. १६ अध्याय, घटना भराभर पुढे सरकतात. पाच दिवसांच्या हिशेबानं तीन आठवड्यांहून थोड्या अधिक काळात एक संपूर्ण शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) वाचून होतं. काहीतरी पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या महिन्यात मिळणं फार गरजेचं आहे.

अगदीच वेळ नसेल त्या दिवसासाठी स्तोत्रं १२० ते १३४ राखून ठेवा. यरुशलेमेकडे चढताना यात्रेकरू ती गात, असं परंपरा मानते. एकंदर पंधरा आहेत आणि १३२ वगळता एकही नऊ वचनांपेक्षा मोठं नाही. १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीन वचनांची आहेत. दोन मिनिटांत एक पूर्ण स्तोत्र मोठ्यानं वाचून होतं. अर्धवट वाचलेल्या लांब अध्यायापेक्षा ते मनात जास्त वेळ राहतं.

आता पंधरा मिनिटं कशी वापरायची. पहिलं मिनिट काहीच वाचू नका, शांत बसा आणि 'प्रभू, बोल' एवढंच म्हणा. पाच मिनिटं अध्याय वाचा. मग ज्या दोन-चार ओळींपाशी मन थांबलं तेवढ्याच पुन्हा हळू वाचा, तीन-चार मिनिटं. उरलेला वेळ त्याच ओळींवरून प्रार्थना. शेवटी वहीत एक ओळ, त्याहून जास्त लिहू नका. पानभर लिहायची सवय लावली की वहीच ओझं होते आणि तिच्याबरोबर वाचनही थांबतं.

उदाहरणादाखल मार्क १:३२-३८ घ्या. सूर्य मावळल्यावर सगळं नगर दाराशी लोटलं आहे, रात्री उशिरापर्यंत आजारी लोक बरे होताहेत. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधून काढतात: सगळे तुलाच शोधताहेत! आता त्याचं उत्तर बघा. तो त्या गर्दीकडे परत जात नाही, आसपासच्या गावांत जाऊ या म्हणतो, कारण त्यासाठीच तो आला होता. प्रार्थनेत त्या दिवसाचं काम ठरलं आणि एका अगदी रास्त मागणीला नकारही तिथेच ठरला. यावरून करायची प्रार्थना सरळ आहे: आज मला शोधणाऱ्यांपैकी कोणाकडे जायचं आणि कोणाकडे नाही, ते दाखव. इतकं झालं तरी त्या दिवसाचं वाचन पुरेसं झालं.

रातपाळी

पाळीचा मुद्दा वरच्या उत्तरात राहिला, तो घेतो.

पाळी बदलणाऱ्या माणसानं घड्याळाची वेळ ठरवूच नये. 'सकाळी साडेपाच' पुढच्या आठवड्यात कामाच्या मध्यावर येईल. वेळ प्रसंगाला बांधायची: उठल्यावर, कामावर निघण्याआधी, झोपण्याआधी. हे तीन प्रसंग कोणत्याही पाळीत येतातच. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०), स्तोत्र ५५:१७ मध्येही संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा येतात. तिन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटं द्यायची नाहीत. एक मोठी आणि दोन अगदी छोट्या, एकेका मिनिटाच्या.

मोठी वेळ उठल्यानंतरची ठेवा, मग उठणं दुपारी दोनला का असेना. रात्रपाळी करून आल्यावर 'आधी वाचतो, मग झोपतो' हे चालत नाही. डोळे ओळींवरून फिरतात पण डोक्यात काही शिरत नाही, आणि आठवडाभर असं झालं की बायबल हातात घेतलं की झोप येते अशी सवयच लागते. आल्यावर प्रभूची प्रार्थना (येशूनं शिष्यांना शिकवलेली) म्हणा आणि झोपा. तोंड धुतल्यावर, फोन हातात घेण्याआधी, मोठी वेळ.

झोप कापून भक्ती करू नका, हे कळकळीनं सांगतो. स्तोत्र १२७:२ वाचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणं व्यर्थ म्हटलं आहे आणि झोप ही देवाची देणगी. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली पडतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून खायला घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाची ती मंद वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर. लहान मूल असलेल्या घरात हा क्रम लक्षात असावा.

मधल्या वेळेसाठी छोट्या प्रार्थना शिकून ठेवा. नहेम्या २:४ मध्ये राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर यांच्यामध्ये प्रार्थना आहे, म्हणजे फार तर एक श्वास. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतकं म्हटली जाणारी येशूची प्रार्थना अशाच वेळी उपयोगी पडते: श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. तिचा शेवट लूक १८:१३ मधल्या जकातदाराच्या हाकेसारखाच आहे. ती दिवसातल्या ठरावीक गोष्टींना जोडा. दार उघडणं, यंत्र सुरू होण्याची वाट, बाळाला थोपटणं. 'दिवसभर प्रार्थना करेन' असं मोघम ठरवलं तर एकदाही होत नाही. 'जिना चढताना' असं ठरवलं की होते.

ऑडिओबद्दल: ऐकणं हे वाचनच आहे. पहिल्या मंडळ्यांत बहुतेकांनी शास्त्र ऐकलंच होतं, पत्रं सर्वांसमोर वाचली जात. फक्त ते मागे लावून ठेवलेलं संगीत होऊ देऊ नका. एका प्रवासात एकच अध्याय दोनदा ऐका. पहिल्यांदा काय घडलं ते, दुसऱ्यांदा कोणाला काय सांगितलं ते. मग ऑडिओ बंद करून दोन मिनिटं शांत राहा. लागोपाठ आठ अध्याय ऐकले की उतरताना एकही आठवत नाही. स्वतः गाडी चालवत असाल तर कथा आणि शुभवर्तमानं ठीक. रोमकरांस पत्रासारखं सलग युक्तिवादाचं लेखन रस्त्यावर लक्ष ठेवून पचत नाही, ते घरी वाचावं.

जैतून

मी कॅथलिक परंपरेतून लिहिते, पण यातलं बहुतेक कोणालाही वापरता येईल.

'आज काय वाचू' हे ठरवण्यातच पाच मिनिटं जातात. ज्यांच्या मंडळीत ठरलेली वाचनं आहेत त्यांचा हा प्रश्न सुटलेलाच आहे. आमच्याकडे रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान विशेषकरून पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या दिवसांत). रोजच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनंही ठरलेली असतात. वेळ नसेल त्या दिवशी फक्त शुभवर्तमानाचा उतारा घ्या, तीन-चार मिनिटांचा असतो. शनिवारी रात्री रविवारचा उतारा एकदा वाचून ठेवला तर प्रवचन ऐकताना खूप फरक पडतो.

रात्री डोळे मिटतात त्यांनी रात्री वाचन ठेवूच नये. त्या वेळी दिवसाचं परीक्षण करावं, संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी शिकवलेलं. पाच पायऱ्या, दहा मिनिटं. आधी दिवसातल्या गोष्टींबद्दल आभार, नेमक्या गोष्टींचे. मग 'मला नीट दिसू दे' अशी मागणी. तिसरी पायरी सर्वांत मोठी: उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तास-तास पुढे सरकवत पाहणं. कुठे मन देवाकडे वळलं, कुठे दूर गेलं. मग जे चुकलं त्याची क्षमा. शेवटी उद्याची एक गोष्ट, एकच.

हे बिघडतं कसं ते सांगते. आभाराची पायरी घाईत उरकली जाते आणि सगळं परीक्षण चुकांच्या वहीसारखं होतं. आठ-दहा दिवसांत माणूस त्याला टाळायला लागतो. म्हणून आभारातच तीन मिनिटं घालवा, चुकांसाठी एक मिनिट पुरतं. आणि हे अंथरुणावर आडवं होऊन करू नका. खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसा. आडवं झालं की दुसऱ्या पायरीवरच झोप लागते.

पहाटवारा

मनापासून आभार. '२६० अध्याय, पाच दिवस' लगेच पटलं. लक्ष भरकटण्याबद्दल अजून कोणी सांगेल का? आणि मध्यस्थीची, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांची, यादी फार लांब झाली आहे. नावं सोडवत नाहीत, पण नुसती वाचली जातात.

पाळकसेवा

लक्ष भरकटणं थांबवायला जाऊ नका, त्याला वाट काढून द्या. शेजारी एक कोरा कागद ठेवा. 'अमक्याला फोन करायचा' असं आठवलं की दोन शब्द लिहा आणि परत या. मन ते काम पुन्हापुन्हा समोर आणतं, कारण ते विसरलं जाईल अशी त्याला धास्ती असते. कागदावर उतरलं की ती धास्ती जाते. कागदच हवा, त्यासाठी फोन उघडू नका. त्या एका नोंदीबरोबर दहा निरोप समोर येतात. याच कारणानं या वेळेत छापील बायबल वापरा. फोनवरच वाचायचं असेल तर आधी इंटरनेट बंद, मग बायबल उघडा.

दुसरं, मनातल्या मनात प्रार्थना करू नका. ओठ हलवा, पुटपुटण्याइतका तरी आवाज येऊ द्या. तिसरं, शब्द सुचत नसतील तर स्तोत्राचे शब्द घ्या: एक ओळ वाचायची, तिच्यावरून एक वाक्य स्वतःचं, मग पुढची ओळ. तारखेनं स्तोत्रं निवडायची एक सोपी रीत आहे. आज १२ तारीख असेल तर १२, ४२, ७२, १०२ आणि १३२, म्हणजे प्रत्येक वेळी ३० मिळवत जायचं. या पाचांवर नजर टाकून त्या दिवसाच्या मनःस्थितीला जवळचं एक निवडा. २९ तारखेला ११९ वं स्तोत्र येतं, त्याची १७६ वचनं आहेत. ते ३१ तारखेसाठी ठेवा, आणि त्या दिवशीही त्याच्या आठ-आठ वचनांच्या २२ भागांपैकी एकच भाग पुरे.

मध्यस्थीची यादी आठवड्यावर वाटा. घरच्यांची नावं रोज. बाकीची सात भागांत, एका दिवसाला पाच, म्हणजे पस्तीस नावं आरामात मावतात. प्रत्येक नावासमोर एक नेमकी विनंती आणि तारीख लिहा. 'आशीर्वाद दे' असं पाच जणांसाठी म्हटलं की ती हजेरी होते. 'गुरुवारच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांचे हात स्थिर ठेव' असं म्हटलं की ती प्रार्थना होते. महिन्यातून एकदा यादी चाळा. उत्तर मिळालं तिथे तसं लिहा आणि आभार माना. तीन महिने मागे पडलेली विनंती असेल तर त्या माणसाला एकदा विचारा, आता काय मागू? कितीदा तरी गरज बदललेली असते आणि आपण जुनंच मागत असतो. नावं पस्तीसच्या वर गेली तर काही मंडळीतल्या प्रार्थनागटाकडे सोपवा. सगळा भार तुमच्या एकट्यावर टाकलेला नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. रविवारच्या जबाबदाऱ्या हा तुमच्या प्रश्नाचा भाग आहे. गायनवृंद, रविवारची शाळा, समितीची बैठक ही सेवा आहे, पण देवाबरोबरचा वेळ म्हणून ती मोजू नका. लूक १०:४० मधली मार्था प्रभूसाठीच राबत होती आणि तरी मन विचलित झालेलं होतं. पाळकांनाही हेच लागू: प्रवचनासाठी वाचलेला उतारा लोकांना काय सांगू या नजरेनं वाचला जातो, स्वतःसाठी वाचला जात नाही. तयारीचा उतारा आणि स्वतःचा उतारा वेगळे ठेवावेत. ज्या घरात तीन वर्षांचं मूल आहे त्या घरातल्या प्रत्येकानं मंडळीत एकच जबाबदारी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन असतील तर एक वर्षासाठी परत करा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींना आधीच सांगा, बदली माणूस शोधायला त्यांना दोन महिने द्या. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

प्रभूचा दिवस मोकळा हवा असेल तर त्याची तयारी शनिवारी दुपारीच सुरू होते. कपडे, मुलाची पिशवी, रविवारचं जेवण, सोमवारची कामाची कागदपत्रं, हे सगळं शनिवारी. रानातल्या मान्न्याची (देवानं इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची) गोष्टही हेच शिकवते (निर्गम १६): सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलं तेव्हाच सातव्या दिवशी थांबता आलं.

संध्यास्तोत्र

घरच्या प्रार्थनेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

तीन वर्षांच्या मुलाबरोबर पाच मिनिटं, जास्तीत जास्त सात. क्रम रोज तोच ठेवा, कारण या वयाच्या मुलाला तेच-तेच आवडतं. गीताचं एक कडवं, तेही पूर्ण आठवडाभर एकच. मग सहा-सात वचनांची एखादी घटना, वाचून नव्हे तर सांगून: वादळ शमवणं, जक्कय झाडावर चढणं, हरवलेलं मेंढरू. त्यावर एकच प्रश्न, ज्याचं उत्तर गोष्टीतच आहे. 'जक्कय कुठे चढला?' पुरे. 'यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न त्याला अजून चार-पाच वर्षं विचारू नका. मग प्रत्येकाचं एक वाक्य, मुलाचंही, 'बाप्पा' म्हणून केलं तरी चालेल. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मूल मध्येच उठून गेलं तर त्याला ओढून बसवू नका. तुम्ही चालू ठेवा, ते परत येतं.

वेळ जेवणाला जोडून, जेवणाआधी. जेवणानंतर ठेवली की भांडी आणि झोप आड येतात. पाळीमुळे एक जण घरी नसेल तर घरी असलेल्यानं घ्यावी. दोघं असतील तेव्हाच करायची म्हटलं तर आठवड्यात दोनदा होईल. जो बाहेर आहे त्याला त्या दिवशीचं वचन कळवा, तो कामाच्या ठिकाणी तेवढंच वाचेल.

घरची प्रार्थना मोडणाऱ्या दोन गोष्टी नक्की टाळा. मोठ्या माणसाची लांबलचक प्रार्थना, आणि प्रार्थनेतून रागावणं. 'प्रभू, याला आईचं ऐकायची बुद्धी दे' असं मुलासमोर म्हटलं की त्याला ते बोलणं देवाशी नाही, आपल्याशी आहे हे लगेच कळतं. दिवसभरातलं रागावणं प्रार्थनेच्या आधी संपवा, आणि चूक तुमची असेल तर क्षमा त्याच वेळी, त्याच्यासमोर मागा.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (६:७) मुलांशी वचनाबद्दल बोलायच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. चारही वेळा तुमच्या दिवसात आधीपासूनच आहेत. पहिल्या महिन्यात निजतानाची एकच घ्या.

पहाटवारा

ठरलं ते लिहून ठेवते. उठल्यावर फोनच्या आधी मार्कचा एक अध्याय, आठवड्यात पाच दिवस. जिना चढताना येशूची प्रार्थना. जेवणाआधी मुलाबरोबर पाच मिनिटं. यादीची विभागणी या शनिवारी. रात्री खुर्चीत बसून परीक्षण. मंडळीतली एक जबाबदारी परत करण्याबद्दल घरी बोलायचं आहे.

शास्त्रवाचक

ताई, हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन आठवडे फक्त मार्क आणि जेवणाआधीची प्रार्थना. मार्क संपला की रात्रीचं परीक्षण जोडा, यादी त्यानंतर. मध्ये आजारपण आलं, पाहुणे आले आणि दहा-बारा दिवस सगळंच बंद पडलं, तर परत सुरू करताना पहिल्या दिवशी स्तोत्र १३१ची तीन वचनं वाचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. दुसऱ्या दिवसापासून खूण होती तिथून पुढे.